चार तराजू, एक डबा

एल्म लेक, मिनेसोटा
२८ जुलै १९९१

प्रिय ऑरिन,

ओपलचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस. शेजारीण आहे, तुझ्या दारात कुरिअरची गाडी उभी राहिली की तिला दिसणारच. तुलाच फोन करायचा तर तुला ऐकू येत नाही. जन्मभर कानाशी बंदुका वाजवल्यावर दुसरं काय होणार? म्हणून पत्र.

ती म्हणते, तळघर भरलं म्हणून तुझी यंत्रं आता जेवणाच्या टेबलावर आली आहेत. टेबलाला भोकं पाडून बोल्टांनी आवळली आहेत म्हणे. खरं आहे का हे? लग्न होऊन आल्यापासून आयरीनने त्या टेबलाला किती वर्षं मेण घासलं! ती असती ना, तर तुला तुझ्या यंत्रांसकट अंगणात काढलं असतं. आणि तू जेवतोस कुठे? सिंकपाशी उभा राहून, डब्यात चमचा घालून?

मला एक समजावून सांग. काडतूस उडतं, पितळेची पुंगळी उरते, ती पुन्हा भरायची, एवढंच ना? मी दर ऑगस्टला काकड्यांच्या बरण्या भरते. मला एक पातेलं आणि एक पळी पुरते. तुला काडतुसं दाबायला तीन प्रेस कशाला? साच्यांनी भरलेलं अख्खं कपाट कशाला? पुंगळ्या घासायला ते फिरतं पिंप, ते एक कमी पडलं म्हणून दुसरं! आणि गंमत म्हणजे एवढ्या कारखान्यातून आमच्या घरी आजवर एक काडतूस आलेलं नाही. तुझा मेव्हणा असून मर्ल बिचारा दुकानातून विकत आणतो. भाऊ असावा तर असा.

बातमी अशी की मर्ल कागदाच्या गिरणीतून निवृत्त झाला. केक कापला, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून हा माणूस डबा घेऊन दारात उभा! मी त्याला हाताला धरून आत आणलं. मग म्हटलं, याला काहीतरी द्यायला हवं. बाबांची रायफल भिंतीवरून काढली आणि त्याच्या हातात ठेवली. यंदाच्या हरणांच्या शिकारीच्या मोसमाला तीच नेणार आहे. तू रुसू नकोस. बाबांनी ती मला दिली कारण तुझ्याकडे तेव्हाच बंदुका ठेवायला जागा नव्हती.

सप्टेंबरात कामगार दिनाच्या सुट्टीत सगळे जमणार आहोत. ये. आणि लाज असेल तर काडतुसांची एक पेटी घेऊन ये.

तुझी
लव्हॉन

*

बीव्हर फोर्क, माँटाना
९ ऑगस्ट १९९१

प्रिय लव्हॉन,

टेबलाला भोकं पाडली आहेत, पण सुबक पाडली आहेत. आणि मी बसून जेवतो. खिडकीत.

तीन प्रेस कशाला म्हणतेस? एक रायफलसाठी, एक पिस्तुलासाठी, आणि तिसरा लिलावात मिळाला. नेमबाजीच्या क्लबातला एक जण वारला, त्याच्या बायकोने सगळं काढून टाकलं. चांगलं ओतीव लोखंड, आता असं कोणी बनवत नाही. ते भंगारात जाताना बघायचं का?

काडतुसं आणली नाहीत म्हणून टोमणा मारलास, पण ही आम्हा काडतुसं भरणाऱ्यांची रीत आहे. दुसऱ्याच्या हातची काडतुसं आपल्या बंदुकीत घालायची नाहीत, आणि आपल्या हातची कुणाला द्यायची नाहीत. सख्ख्या भावालासुद्धा नाही. क्लबात म्हातारा गुनार सगळ्यांना मूठमूठभर वाटतो. आम्ही 'वा, गुनार, वा' म्हणतो, खिशात टाकतो आणि घरी जाऊन मोडून टाकतो. त्याला ते माहीत आहे. आम्ही दिली असती तर त्यानेही तेच केलं असतं. कुणाचा अपमान होत नाही. ज्याने भरलं त्याने उडवावं, म्हणजे चुकलं तर ज्याचं त्याच्यापाशी राहतं.

पण तू भाऊ काढलास. मग काय करणार? आज सकाळी बसलोच.

काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुन्हा काकड्या काढणार नाहीस. पुंगळी घासायची, साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, बुडाला नवी टोपी बसवायची, आत बारूद तोलून घालायची, वर गोळी दाबायची. बारूदही सगळी सारखी नसते. रायफलची बारीक काड्यांसारखी, ओल्या लाकडासारखी सावकाश जळते. पिस्तुलाची चपटी कणी असते, कागदासारखी भसकन पेटते. वरच्या नरसाळ्यात भरून ठेवली की मापाने खाली पडते.

पहाटेपासून खाली तळघरात पिस्तुलाची काडतुसं भरत होतो. म्हटलं, आता मर्लचं काम घेऊ. रायफलच्या बारुदीचा डबा काढून टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, आणि तेवढ्यात दिवा लुकलुकला. (बेल ऐकू येत नाही म्हणून तिला जोडलेला दिवा इथे लावून घेतलाय.) कुरिअर! ज्या विजेवरच्या तराजूची वसंतापासून वाट बघत होतो, तो आला. नरसाळ्यात उरलेलं घाईघाईत डब्यात परत ओतलं आणि वर धावलो. त्या पोराच्या देखतच खोका फोडला. काय वस्तू आहे, लव्हॉन! श्वास सोडलास तरी आकडा हलतो. आता माझ्याकडे तीन तराजू झाले. मर्लच्या प्रत्येक काडतुसाची बारूद तिन्हींवर तोलून घातली. राजालासुद्धा असं काडतूस मिळायचं नाही.

एक सांगायचं आहे. ती रायफल वापरण्याआधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दाखव. बाबांनी ती सेकंडहँड घेतली होती. पोलाद जुनं आहे. विसरू नकोस.

सुट्टीत येतो. पेटी मीच आणतो, टपालाने काडतुसं पाठवायला बंदी आहे.

तुझा
ऑरिन

*

एल्म लेक
१२ सप्टेंबर १९९१

प्रिय ऑरिन,

नीट पोचलास का? ओपल म्हणाली पोचलास, आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कुरिअर आला. आता काय घेतलंस?

तू आलास, फार बरं वाटलं. तुला ऐकू येत नाही म्हणून सगळे ओरडून बोलत होते, आणि शेवटी मर्ल माझ्याशीही ओरडून बोलायला लागला. अजून बोलतो. बटाट्याच्या पोळ्या तू सगळ्या संपवल्यास. सिग्ने म्हणते, मामाला पोळ्यांचं एक यंत्र घेऊन द्या, म्हणजे तिथेही कारखाना काढील.

तुझी पेटी मर्लने कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे, आल्यागेल्याला दाखवतो. 'आमच्या मेव्हण्याने हाताने भरलीत' म्हणतो. लाजेने लाल झाला असतास. महिनाअखेरीस खडीच्या खाणीत जाऊन नेम बसवून घेणार आहे.

तुझी
लव्हॉन

*

एल्म लेक
२ ऑक्टोबर १९९१

प्रिय ऑरिन,

ओपलला मी फोन केला होता, तिने तुला सांगितलंच असेल. पण तिला मी सगळं सांगितलं नाही.

शनिवारी मर्ल आणि मी खाणीत गेलो. मी गाडीत विणत बसले होते. पहिला बार झाला तेव्हा मी वर पाहिलंही नाही. दुसरा बार वेगळाच वाजला. मर्ल पाठीवर पडला होता आणि रायफलचा मधला भाग उघडला होता, केळ्याच्या सालीसारखा. उजवा डोळा गेला. डुलुथच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी प्रयत्न केला, पण ठेवता आला नाही. गालाचं हाड मोडलंय, ते जुळेल म्हणतात. दुसऱ्या डोळ्याने दिसतं.

शेरिफच्या कचेरीतून एक पोरगा आला होता. तुकडे हातात घेऊन म्हणाला, 'जुनं पोलाद आहे, होतं असं कधीकधी.' आणि गेला.

ऑरिन, तू लिहिलं होतंस. बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दाखव म्हणून लिहिलं होतंस. मी वाचलं, हसले आणि पत्र फळीवर ठेवलं. मला वाटलं, याला प्रत्येक गोष्ट मोजायची हौस. रायफल मी भिंतीवरून काढली. मी त्याच्या हातात दिली. त्याने मागितलीसुद्धा नव्हती. त्याला मासे पकडायला एक होडी हवी होती आणि मी म्हटलं होतं, होडी कशाला, बाबांची रायफल आहे ना!

मर्ल मला काही बोलत नाही. 'तुझा काय दोष' असंही म्हणत नाही, आणि 'तूच केलंस' असंही नाही. मी सूप भरवते, तो गिळतो. मी त्याच्या तोंडाकडे बघू शकत नाही, ऑरिन.

तूच सांग काहीतरी. तुला यातलं कळतं.

लव्हॉन

*

बीव्हर फोर्क
८ ऑक्टोबर १९९१

प्रिय लव्हॉन,

तुझं पत्र पोस्टाच्या दारातच उभ्याने वाचलं. घरी कसा आलो ते आठवत नाही. मर्लला सांग, मी त्याच्यासाठी प्रार्थना करतो आहे. मी चर्चला जात नाही हे त्याला माहीत आहे, तरी सांग.

पत्र वाचून खाली गेलो. दिवा लावला. रायफलच्या बारुदीचा डबा काढला, झाकण उघडलं, थोडी पांढऱ्या कागदावर ओतली आणि भिंगातून पाहिली. बराच वेळ पाहत होतो. मग डब्यात भरली, झाकण लावलं आणि वर आलो. बाकी सगळं ठीक आहे.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. जुन्या पोलादाचा काही भरवसा नसतो. दाखवली असतीस तरी कुणालाही आतली चीर दिसली नसती.

एक काम आहे. पेटीत किती काडतुसं उरली आहेत, आणि ती कुठे आहेत? कुणी हात लावू नका. नीट बाजूला ठेव. पितळ चांगलं आहे, पुंगळ्या हल्ली मिळत नाहीत, आलो की परत घेऊन जाईन.

मी आणखी एक तराजू मागवला आहे. जुन्या पद्धतीचा, वजनं टाकायचा. विजेच्या वस्तूंवर माझा विश्वास उडाला आहे.

ऑरिन

*

एल्म लेक
१७ ऑक्टोबर १९९१

ऑरिन,

मर्लच्या तोंडावर पट्ट्या आहेत आणि तुला पुंगळ्यांची पडली आहे? पत्र वाचून मी ते टेबलावर आपटलं. सिग्ने म्हणाली, 'आई, मामाला कसं बोलावं ते कळत नाही, त्याला वस्तूंचंच बोलता येतं.' ती तुझी बाजू घेते. लहानपणापासून घेते. म्हणून पुन्हा लिहायला बसले.

मर्ल घरी आलाय. खुर्चीत बसून तळ्याकडे बघत असतो. मी त्याच्या उजव्या अंगाला खुर्ची टाकून बसते. तिकडून त्याला मी दिसत नाही. मी विणते, वाचून दाखवते, औषध देते, सगळं उजवीकडून. जेवायलाही तिकडेच बसते. त्याने डावीकडे मान वळवली तर मी तिथे नसते, आणि उजवीकडे वळवायला त्याला त्रास होतो. मला ते सोयीचं झालंय, किती वाईट बाई मी. एकदा म्हणाला, 'लव्हॉन, पुढे येऊन बस की.' मी म्हटलं, इथे उजेड चांगला आहे. मग पुन्हा म्हणाला नाही.

रायफलचे तुकडे मी तळ्यात टाकून आले. बाबांची होती, तरी टाकली. रात्री झोपेत ती भिंतीवरच लटकलेली दिसते.

तू लिहिलंस, दाखवून उपयोग झाला नसता. माझ्या समाधानासाठी लिहिलंस, मला कळतं. पण दाखवायला हवी होती.

तुझी पुंगळ्यांची काळजी मात्र मिटली. पेटी सिग्नेने नेली. तिची रायफलही त्याच मापाची आहे, नवी आहे. मोसम उघडेल त्या दिवशी ती मर्लच्या मचाणावर बसणार. म्हणते, 'बाबांचं हरण मी आणीन, आणि मामाच्या काडतुसाने आणीन.' हे ऐकून मर्ल पहिल्यांदा हसला. तुला बरं वाटेल म्हणून कळवते.

लव्हॉन

*

बीव्हर फोर्क
२३ ऑक्टोबर १९९१

प्रिय लव्हॉन,

सिग्नेला सांग, ती काडतुसं वापरू नकोस. ती बाबांच्या रायफलच्या मापाने भरली होती. प्रत्येक बंदुकीचा घसा वेगळा असतो, तिच्या बंदुकीत नीट बसायची नाहीत, नेम चुकेल. शिवाय तळघरात दमट होतं, टोप्या सर्दावल्या असतील. तिने दुकानातून चांगली घ्यावीत. पेटी तेलात बुडवून ठेव, मी येऊन

*

लव्हॉन, हे दुसरं पान आहे. वरचं फाडून टाकणार होतो. फाडत नाही, दोन्ही पाठवतो. मी काय माणूस आहे ते तुला दिसू दे.

वरचं लिहिता लिहिता उठलो आणि ओपलकडे गेलो. तिला म्हटलं, आत्ता सिग्नेला फोन लाव आणि सांग, एकही काडतूस बंदुकीत घालू नकोस, पेटी तेलात टाक. ती का विचारेल. सांग, मामा म्हणतो तू मरशील. ओपल घाबरली, पण फोन लावला. सिग्नेने ऐकलं आणि हो म्हणाली. ओपलला मी दोनदा विचारलं, खरंच हो म्हणाली ना? तेव्हा परत येऊन हे लिहायला घेतलं.

रायफल जुनी होती, पण वाईट नव्हती. वाईट होती ती बारूद.

डब्यात रायफलच्या काड्यांमध्ये पिस्तुलाची चपटी कणी मिसळलेली आहे, रायफलच्या काडतुसात ती एकदम पेटली की पोलाद फाटतं. भिंगही लागत नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्या दिवशी दिवा लुकलुकला तेव्हा नरसाळ्यात पिस्तुलाची बारूद होती आणि टेबलावर उघडा डबा रायफलचा होता. मी समोर होता त्या डब्यात ओतली. तराजू आला होता ना! पोराच्या देखत खोका फोडायचा होता ना! मग नवा तराजू घेऊन खाली आलो आणि त्याच डब्यातून, अगदी वरची, मर्लसाठी घेतली.

आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात, टेबलावर एका वेळी एकच डबा. मी क्लबात नवीन पोरांना हे शिकवतो. दुसरा डबा दिसला की त्यांना बाहेर काढतो.

तुझं दोन तारखेचं पत्र आलं त्या दिवशी मला हे कळलं. आठ तारखेला तुला लिहिलं तेव्हा मला माहीत होतं. तू लिहिलं होतंस, 'मी दिली, मी दाखवली नाही.' ते वाचून मला हायसं वाटलं, लव्हॉन. माझ्या बहिणीने माझं ओझं उचललंय आणि तिला ते कुणाचं हे ठाऊक नाही, हे वाचून मला हायसं वाटलं. जुन्या पोलादाचा भरवसा नसतो, असं लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.

चौथा तराजू आला. ते डब्यातलं चारही तराजूंवर तोलून पाहिलं. चारही एकच आकडा दाखवतात. रोज तोलतो. मला वाटायचं, एखादा तरी वेगळा आकडा दाखवेल, मग त्याच्या माथी मारता येईल. चारही खरं बोलतात. वजन बरोबरच होतं. काय तोलतोय हे तेवढं बघायला हवं होतं, आणि त्याला यंत्र लागत नाही.

तू मर्लच्या उजवीकडे बसतेस हे वाचलं आणि पुढचं पत्र कसंबसं वाचलं.

तुझं काही चुकलं नाही. काहीसुद्धा नाही.

ऑरिन

*

बीव्हर फोर्क
८ नोव्हेंबर १९९१

लव्हॉन,

तुझं उत्तर नाही. रेडिओचं ऐकून ओपलने सांगितलं, तुमच्याकडे ऑक्टोबरअखेर हॅलोविनपासून बर्फाने कहर केला आहे, तारा पडल्या आहेत. ती रोज फोन लावते, नुसती खरखर येते म्हणते. मी स्वतःला सांगतो की बर्फामुळेच उत्तर आलं नाही.

उद्या मोसम उघडतो. सिग्ने हो म्हणाली होती. हो म्हणून मनात हसली असेल का? मामा म्हातारा झाला, घाबरतो, असं वाटलं असेल का?

मी सगळे प्रेस सोडवले. टेबल रिकामं आहे, भोकं तेवढी राहिली आहेत. लिलाववाला पुढच्या आठवड्यात येऊन सगळं उचलून नेणार आहे. प्रेस, साचे, पिंपं, तराजू, सगळं. मला पुन्हा यातलं काही दिसायला नको.

मर्ल काय म्हणाला ते कळव. शिवी दिली असेल तर तीच लिही.

ऑरिन

*

एल्म लेक
१५ नोव्हेंबर १९९१

ऑरिन,

सिग्ने ठीक आहे. ओपलचा फोन आला त्याच संध्याकाळी तिने पेटी तेलाच्या बादलीत टाकली. मोसम उघडला त्या दिवशी दुकानातली काडतुसं घेऊन मचाणावर बसली आणि थंडीने कुडकुडत हात हलवत परत आली. हरण आलंच नाही.

तुझी दोन पानं बर्फाच्या आधीच आली होती. तारा पडल्या होत्या हे खरं, पण पत्र लिहायला तार लागत नाही. मी लिहिलं नाही कारण मला तुला मारावंसं वाटत होतं. दोन्ही पानं मी एप्रनच्या खिशात घालून फिरत होते. भांडी घासताना वाचायची, पुन्हा घडी घालायची.

बर्फात आम्ही दोघंच घरात अडकलो. वीज नाही, चूल पेटवून बसलो. मी मर्लच्या उजवीकडे. एका संध्याकाळी दोन्ही पानं त्याला मोठ्याने वाचून दाखवली. आधी माझं सांगितलं. म्हटलं, मला वाटत होतं मी केलं, म्हणून तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मग तुझं वाचलं.

तो काय म्हणाला, ते लिहू का? तुला शिवी दिली नाही. तुझं नावही काढलं नाही. म्हणाला, 'मला वाटत होतं, तुला माझं हे तोंड बघवत नाही. किळस येते म्हणून तिकडे बसतेस.'

आरशावर त्याने टॉवेल टाकला होता, ऑरिन. न्हाणीघरातल्या. मला वाटलं, वाफेसाठी टाकलाय.

मी उठले, खुर्ची उचलली आणि त्याच्या पुढ्यात बसले. किती रडले ते सांगत नाही. तो माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत राहिला, 'अगं वेडे, अगं वेडे.'

आता डोळ्याबद्दल ऐक. दुसऱ्या दिवशी चुलीत लाकूड घालता घालता तो म्हणाला, 'ऑरिनने मुद्दाम केलं नाही. गिरणीत माझ्याही हातून एकदा एका माणसाचं बोट गेलं होतं. मी त्याच्या घरी गेलो होतो.' एवढंच म्हणाला. त्याने सोडून दिलंय. मर्ल तसाच आहे, तुला माहीत आहे.

पण मी सोडून दिलेलं नाही. डबा बदलला, ती चूक झाली. घाईत कुणाच्याही हातून होते, तुझ्याही झाली. पण ऑक्टोबरात तू पाकीट चिकटवलंस ते घाईत नाही. तेव्हा दिवा लुकलुकला नव्हता. तुला माहीत होतं आणि तू मला उजवीकडे बसू दिलंस. माझ्या नवऱ्याला एवढे दिवस वाटत होतं की बायकोला त्याची किळस येते. ते तुझ्या कुठल्या तराजूवर तोलणार आहेस? मी तुझी बहीण आहे म्हणून तुला पत्र लिहिते आहे. बाकी काही मिटलं आहे असं समजू नकोस.

आणि लिलाव थांबव. यंत्रांनी काय केलंय? विकलंस की तुला हलकं वाटेल, आणि तुला इतक्यात हलकं वाटायला नको आहे मला. असू देत घरात. ती बारूद तेवढी मोकळ्या मैदानात नेऊन जाळ, आणि ओपलला जवळ येऊ देऊ नकोस.

महिनाअखेरीस थँक्सगिव्हिंगच्या सणाला ये. रस्ते तोवर उघडतील. काही आणू नकोस. भेट नको, होडी नको. (सिग्ने म्हणते मामा नक्की होडी आणेल. आणलीस तर दारातून परत पाठवीन.) रिकाम्या हातांनी ये, म्हणजे हातात धरायला काही नसेल आणि तुला बोलावंच लागेल. मर्ल ओरडून बोलतो, तुला ऐकू येईल.

मी तुझी खुर्ची त्याच्या डावीकडे ठेवणार आहे. तिकडून त्याला चांगलं दिसतं.

लव्हॉन